पीएस४ ची हार्ड डिस्क दर पावसाळ्यात जाते? नवी घेण्याआधी हे तपासा

पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) सुरू केला की काळ्या पडद्यावर सिस्टीम स्टोरेज सापडत नसल्याचा संदेश आणि सीई-३४३३५-० हा कोड. किंवा गेम मध्येच बंद पडून सीई-३४८७८-० येतो, डाउनलोड नव्वद टक्क्यांवर जाऊन अडकतो, मेनू सुद्धा अडखळत चालतो. दुकानात नेलं, डिस्क बदलून आणली, काही महिने सगळं झकास. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ले या पट्ट्यातून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पीएस४ मध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त असते. मुलं मशीन टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "दादा, परत तोच एरर इलो. आता खयची डिस्क घालूया?"

खयची घालायची ते पुढे नीट सांगतो. पण आधी एक गोष्ट: किनारपट्टीवर वारंवार 'जाणारी' डिस्क पुष्कळदा गेलेलीच नसते. लिहिणं चालू असताना लाईट जाते आणि डिस्कवरचा मजकूर अर्धवट राहतो, किंवा डिस्क जिथे बोर्डाला जोडली जाते तिथे खारी हवा पिना खाते. ही दोन कारणं तशीच ठेवून कितीही महाग डिस्क घातली तरी वर्षभरात तुम्ही परत तिथेच येणार. म्हणून पैसे काढण्याआधी जुन्या डिस्कची तपासणी करा. त्याला खर्च जवळपास नाही.

जुन्या डिस्कला विचारून बघा

सगळ्यात आधी सेफ मोड. पीएस४ पूर्ण बंद करा, मग पॉवरचं बटण दाबून धरा. पहिला बीप लगेच येतो, सुमारे सात सेकंदांनी दुसरा येतो, तेव्हा बटण सोडा. कंट्रोलर वायरने जोडावा लागतो, आणि इथे बरेच जण अडकतात: स्वस्तातल्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. कंट्रोलर दिसत नसेल तर मशीनला दोष देण्याआधी केबल बदला. सेफ मोडमधला पाचवा पर्याय डेटाबेस नव्याने बांधण्याचा आहे. त्याने गेम किंवा सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) जात नाहीत. मजकुराची यादी विस्कटली असेल तर एवढ्यावर काम भागतं. मेनू अडखळणं, गेमची चित्रं गायब होणं, मोकळी जागा चुकीची दाखवणं या तक्रारींवर मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.

त्याने भागलं नाही तर डिस्क बाहेर काढा आणि यूएसबी-साटा जोडणीने (साटा म्हणजे अशा डिस्कच्या जोडणीची पद्धत) कॉम्प्युटरला लावा. विंडोज लगेच विचारेल की डिस्क फॉरमॅट करू का, इनिशियलाइज करू का. नाही म्हणा. पीएस४ चा मजकूर विंडोजला वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतो, त्याचा अर्थ डिस्क बिघडली असा नाही. घाईत 'हो' दाबलं की आतलं सगळं गेलं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती इथे दिसते. वरचा निळा किंवा पिवळा चौकोन बघून निर्णय घेऊ नका, खालच्या ओळी वाचा. आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन ते दहाच्या पद्धतीत करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

०५ क्रमांकाच्या ओळीत कायमचे बाद झालेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे मजकुराचे छोटे कप्पे, मोजलेले असतात. हा आकडा शून्य असेल तर पृष्ठभाग धडधाकट आहे. शेकड्यांत असेल आणि आठवड्याभरात वाढत असेल तर ती डिस्क खरोखर संपत आली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. सी५ च्या ओळीत 'संशयित' सेक्टर असतात, म्हणजे जे वाचता आले नाहीत पण अजून बाद ठरवलेले नाहीत. सी७ ही ओळ डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीत झालेल्या चुका मोजते. आणि सी० ही ओळ, बहुतेक डिस्कमध्ये, अचानक वीज गेल्यामुळे डिस्कचं वाचणारं-लिहिणारं डोकं घाईने मागे घ्यावं लागलं असं किती वेळा झालं ते सांगते.

आता हे आकडे एकत्र वाचा. ०५ शून्य, सी५ मध्ये थोडेसे, आणि सी० भरपूर असेल तर गुन्हेगार वीज आहे. लिहिणं चालू असताना लाईट गेली की तो सेक्टर अर्धा जुना, अर्धा नवा राहतो. त्याची पडताळणी जुळत नाही, म्हणून वाचताना चूक येते. पण तिथला पृष्ठभाग ठीक असतो. त्यावर पूर्ण नव्याने लिहिलं की तो सेक्टर पुन्हा वापरात येतो. त्यासाठी विंडोजमध्ये 'क्विक' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. १ टीबीच्या डिस्कला तीन-चार तास तरी लागतात. झाल्यावर सी५ शून्यावर आला आणि ०५ वाढला नाही, तर ती डिस्क परत मशीनमध्ये घालायला माझी हरकत नाही. आतला मजकूर जातो हे मात्र आधी लक्षात घ्या. सेव्ह वाचवायचे असतील तर त्याचा मार्ग खाली दिला आहे.

०५ आणि सी५ दोन्ही शून्य, पण सी७ वाढलेला असेल तर डिस्क निर्दोष आहे. मग मशीनच्या आत बघायचं.

पिनांवरचा पांढरा-हिरवा थर

डिस्क ज्या खोबणीत सरकते तिच्या टोकाला साटाचं सॉकेट असतं, सात पिनांचा भाग डेटाचा, पंधरा पिनांचा विजेचा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून त्यात बघा. चांगल्या सॉकेटमध्ये पिना सोनेरी आणि एकसारख्या चमकतात. देवबागेतून आलेल्या मशीनमध्ये, म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवरच्या घरांतून, याच पिना मला मातकट झालेल्या दिसतात, मुळाशी पांढरी भुकटी आणि कडेला हिरवट डाग. त्याच महिन्यात कणकवलीहून आलेलं मशीन उघडलं तर आत धूळ जास्त असते, पण पिना स्वच्छ असतात.

हे पावसातच का उफाळतं याचं कारण मिठाच्या स्वभावात आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. उन्हाळ्यात पंख्याने आत ओढलेली खारी धूळ कोरडी असते, तोवर ती फारसा त्रास देत नाही. जूनपासून आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी-नव्वदच्या घरात राहते, आणि तीच धूळ पिनांवर ओलसर, वीज वाहून नेणारा थर होऊन बसते. गंज तिथे धरतो. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी श्रावणात ओली होते, तेच इथे पिनांवर घडत असतं.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, शक्यतो ९९ टक्क्यांचं. मऊ ब्रशला लावून पिनांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, आडवं घासू नका, पिन वाकते. डिस्कच्या बाजूचे सपाट संपर्कही तसेच पुसा. पूर्ण वाळू द्या, मग डिस्क दोन-तीनदा सरकवून बाहेर-आत करा. पेट्रोल, थिनर, अत्तर, सॅनिटायझर यांतलं काहीही आत मारू नका. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते आत राहून जातं. पिनच खाल्ली गेली असेल तर सॉकेट बदलावं लागतं आणि ते सोल्डरिंगचं काम आहे, घरी करण्यासारखं नाही. पण तेही नव्या डिस्कपेक्षा स्वस्तात होतं.

समुद्रकाठच्या घरात डिस्क धरून ठेवणारा स्क्रू गंजलेला असतो हेही सांगून ठेवतो. पीएस४ मध्ये तो मुख्य स्क्रू एकच आहे, त्याच्यावर प्लेस्टेशनची चार चिन्हं कोरलेली असतात. बरोबर मापाचा प्लस बिट घ्या, वरून भरपूर दाब द्या, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवा आणि मग सोडवा. त्याचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो.

डिस्क खरंच गेली असेल तर कुठली घ्यायची

पीएस४ मध्ये, मग तो २०१३ चा जाडा असो, स्लिम असो की प्रो, अडीच इंची साटा डिस्क बसते. म्हणजे लॅपटॉपची. डेस्कटॉपची साडेतीन इंची आत जात नाही. जाडी ९.५ मिमीपर्यंत चालते, ७ मिमीचीही आरामात बसते, कारण डिस्क ट्रेला बाजूच्या चार स्क्रूंनी धरलेली असते, खालची मोकळी जागा काही बिघडवत नाही. १५ मिमीची मात्र आत जाणारच नाही. आणि अडीच इंची हार्ड डिस्क २ टीबीच्या वर गेली की ती १५ मिमी जाडीचीच असते, म्हणून ४ किंवा ५ टीबी आत बसवायचा विचार सोडून द्या.

काही जण पोर्टेबल यूएसबी डिस्क घेऊन, तिचं कव्हर फोडून आतली डिस्क काढायचा बेत करतात, कारण ती कधी कधी स्वस्त पडते. माझा सल्ला, करू नका. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं, साटाच्या पिना तिथे नसतातच. कव्हर फोडलं की वॉरंटीही गेली आणि डिस्कही आत बसत नाही.

हार्ड डिस्कच घ्यायची असेल तर एक गोष्ट दुकानदाराला विचारा आणि तो सांगू शकला नाही तर मॉडेल नंबर टाकून स्वतः शोधा: डिस्क सीएमआर आहे (मजकुराच्या पट्ट्या सुट्या-सुट्या) की एसएमआर. एसएमआर प्रकारात मजकुराच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे कमी तबकड्यांत जास्त जागा मिळते. पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम मागाहून, सवडीने उरकते. वाचायला त्रास नाही, मोठा गेम एकदा चढवला की चालतोही नीट. अडचण येते ती मोठे अपडेट घेताना. पीएस४ अपडेट घेताना जुन्या फाइल कॉपी करत नवी रचना करतो, तेव्हा ही डिस्क अक्षरशः रखडते. त्यात आपल्याकडची लाईट गेली की ते 'सवडीने उरकायचं' काम अर्ध्यावर तुटतं. आज बाजारात नव्या मिळणाऱ्या ७ मिमी जाडीच्या १ आणि २ टीबीच्या लॅपटॉप डिस्क बहुतेक सगळ्या एसएमआर आहेत. ९.५ मिमीच्या जुन्या सीएमआर डिस्क चांगल्या होत्या, पण आता त्या नव्या म्हणून मिळतात तेव्हा तारीख आणि वापराचे तास तपासल्याशिवाय हात लावू नका.

याच कारणाने आता माझ्याकडे कोणी विचारलं तर मी साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणारी डिस्क) सुचवतो, अडीच इंची, ७ मिमी, टीएलसी प्रकारची (चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवणारी). वेग हे त्यामागचं पहिलं कारण नाही. जुना पीएस४ आणि स्लिम यांच्यात साटाचा दुसरा टप्पा आहे, प्रोमध्ये तिसरा, त्यामुळे खोक्यावर लिहिलेला सेकंदाला ५०० एमबीच्या वरचा वेग जुन्या मशीनवर पूर्ण मिळत नाही. तरी गेम उघडायला लागणारा वेळ नक्की कमी होतो आणि मेनू सुटसुटीत चालतो. खरं कारण हे की एसएसडीमध्ये फिरणारा भाग नाही. हार्ड डिस्कला लाईट गेल्या क्षणी तबकडीच्या उरलेल्या फिरण्यावर वीज बनवून डोकं सुरक्षित जागी न्यावं लागतं, आणि ही घाईची माघार नेहमीच्या बंद होण्यापेक्षा यंत्राला कितीतरी जास्त झिजवते. एसएसडीला तो प्रश्नच नाही. शिवाय हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी एक बारीक गाळणीवालं छिद्र असतं, दमट हवा तिथून आत-बाहेर होते. एसएसडीला ते छिद्र नसतं.

पण एसएसडी घातली म्हणजे लाईट गेली तरी काही होत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरगुती एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याइतकी साठवण सहसा नसते. कुठला मजकूर कुठे ठेवला त्याचा तक्ता लिहिताना वीज तुटली तर ती पूर्ण अबोल होऊ शकते, आणि तेव्हा हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुरही करत नाही. म्हणून एसएसडी आणि यूपीएस हे एकत्रच घ्यायचे, त्याबद्दल पुढे बोलतो.

टीएलसी का, क्यूएलसी का नको? क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त असते, पण तिची वेगवान साठवण भरली की मोठा गेम चढवताना वेग फार खाली येतो, आणि लेखनाची मर्यादाही कमी असते. १ टीबीच्या नावाजलेल्या टीएलसी एसएसडीला कंपन्या ३६० ते ६०० टीबी लेखनाची हमी देतात. पीएस४ तुमच्या खेळाची शेवटची पंधरा मिनिटं सतत रेकॉर्ड करत असतो, तरी घरगुती वापरात ही मर्यादा गाठायला खूप वर्षं जातात. त्याची काळजी करू नका.

एम.२ आकाराची छोटी पट्टी स्वस्त मिळाली म्हणून अडॅप्टरच्या डबीत घालून बसवायचं काही जणांच्या मनात येतं. साटा प्रकारची एम.२ तशी चालते, एनव्हीएमई प्रकारची चालत नाही. पण आपल्या हवेत मध्ये आणखी एक जोड कशाला? गंजायला आणखी एक जागा मिळते. सरळ अडीच इंची घ्या.

किती जागा? मोठे गेम ५० ते १०० जीबीचे असतात, आणि पीएस४ वर सीडीचा गेमही पूर्ण डिस्कवर चढतो. सीडी असली म्हणजे जागा लागत नाही हा गैरसमज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. १ टीबी म्हणून विकलेली डिस्क ९३१ जीबीच मोजली जाते, त्यातून सिस्टीम आपला वाटा काढते. शहरात ५०० जीबी पुरते, नको तो गेम काढून टाकला आणि हवा तेव्हा परत उतरवला. गावात फायबर नसेल, रोजचा दीड-दोन जीबी मोबाईल डेटा असेल तर ९० जीबीचा गेम परत उतरवणं म्हणजे दीड-दोन महिन्यांचं काम. म्हणून खेड्यातल्या घरासाठी मी १ टीबीच्या खाली जाऊ नका म्हणतो, खिशाला थोडं जड गेलं तरी.

खरेदी करताना बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते दुकानातच बघा. लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्क पुसून, नव्या पाकिटात घालून विकल्या जातात. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०९ क्रमांकाच्या ओळीत वापराचे तास दिसतात. नव्या डिस्कचे ते शून्य किंवा एखाद-दुसरा तास असतात, हजारांत असतील तर ती नवी नाही. आणि ऑनलाइन कुठे ८ किंवा १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसली तर ती खोटी आहे. आत छोटी चिप असते आणि आकडा फुगवलेला असतो. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा.

बाहेरून यूएसबीवर डिस्क लावायचा पर्याय मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून आहे. यूएसबी ३.० ची, २५० जीबी ते ८ टीबीपर्यंत चालते, मध्ये हब चालत नाही. जागा कमी पडते एवढीच तक्रार असेल तर हा सोपा मार्ग आहे, मशीन उघडायलाच नको. पण सिस्टीम आणि सेव्ह आतल्या डिस्कवरच राहतात, त्यामुळे आतली डिस्क आजारी असेल तर बाहेरची लावून काही साधत नाही. आणि बाहेरच्या डिस्कला लाईट गेल्याचा फटका जास्त बसतो. पुढच्या वेळी सुरू करताना पीएस४ ती दुरुस्त करत बसतो ते तुम्ही पाहिलं असेल.

लाईटचा बंदोबस्त

नव्या डिस्कइतकंच महत्त्व याला द्या. घरात इनव्हर्टर आहे म्हणून बरेच जण निर्धास्त असतात, आणि तरी लाईट गेली की त्यांचा पीएस४ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बहुतेक घरगुती इनव्हर्टरच्या मागे एक बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. इकोवर असताना बॅटरीकडे वळायला जो वेळ लागतो तो पंख्या-दिव्यांना कळतही नाही, पण कन्सोलला तेवढा पुरतो. बटण यूपीएसवर करा. इतकं केल्यावर कित्येकांचं काम तिथेच मिटलं आहे. इनव्हर्टर साइन वेव्हचा असेल तर अधिक चांगलं.

इनव्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. पीएस४ आणि मध्यम आकाराचा एलईडी टीव्ही मिळून तो काही मिनिटं ओढतो. तेवढ्यात गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं, खेळत राहायचं नाही. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, मे महिन्यात प्लग काढून तिची परीक्षा घ्या.

जून ते ऑक्टोबर रेस्ट मोड वापरू नका. नारिंगी दिवा लागलेला असतो तेव्हा मशीन झोपलेलं दिसतं, पण डाउनलोड आणि अपडेट चालू असू शकतात, आणि रात्री लाईट कधी गेली ते तुम्हाला कळतही नाही. पूर्ण बंद करा आणि बटणही बंद करा. विजा चमकायला लागल्या, विशेषतः मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात, तर प्लगबरोबर एचडीएमआय आणि नेटची वायरही काढा. डिशच्या तारेतून आलेला झटका टीव्हीतून एचडीएमआयच्या वाटेने कन्सोलमध्ये शिरतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडे लाईट कित्येक दिवस नव्हती. ती परत येताना येत-जात, कमी-जास्त होत आली. अशा वेळी दाब स्थिर झाल्याशिवाय प्लग लावूच नका.

मशीन खिडकीजवळ, पडवीत, किंवा समुद्राच्या बाजूच्या भिंतीला लागून ठेवू नका. चालू असताना वर कापड, प्लास्टिक काही नको. चाकरमान्यांच्या घरात कन्सोल गणपती ते होळी बंद पडून असतो, त्यांनी तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवावा. रोज तासभर चालणारं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. बंद घरातलं मशीनच आधी गंजतं, असा माझा अनुभव आहे.

बसवताना

जुनी डिस्क अजून चालत असेल तर आधी बॅकअप. सेटिंग्ज, सिस्टीम, बॅकअप अँड रिस्टोअर या वाटेने गेम, सेव्ह, चित्रं सगळं यूएसबी डिस्कवर जातं. ती डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ असायला हवी, एनटीएफएस ओळखली जात नाही. ट्रॉफी यात येत नाहीत, त्यासाठी आधी नेटला जोडून सिंक करा. एवढी मोठी डिस्क नसेल तर निदान सेव्ह तरी पेनड्राइव्हवर घ्या, ते थोड्याच जागेत मावतात. आणि ज्यांच्याकडे नेट कमी आहे त्यांनी मित्राची मोठी डिस्क एका रात्रीसाठी मागून पूर्ण बॅकअपच घ्यावा, पुढचा महिनाभराचा डेटा वाचतो.

नव्या डिस्कवर सिस्टीम चढवायला पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं फोल्डर, दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि त्यात प्लेस्टेशनच्या अधिकृत साइटवरून उतरवलेली फाइल. साइटवर दोन फाइल असतात. एक नेहमीच्या अपडेटची, सुमारे अर्ध्या जीबीची. दुसरी पुन्हा सिस्टीम चढवण्याची, १ जीबीच्या आसपास. कोऱ्या डिस्कला ही मोठीच लागते. छोटी घेऊन 'फाइल सापडत नाही' म्हणून डिस्क परत करायला निघालेले लोक माझ्याकडे येतात. फाइल बदलली की पाच मिनिटांत मशीन सुरू होतं. मग सेफ मोडमधला सातवा पर्याय निवडा, सिस्टीम चढू द्या, आणि तेवढा वेळ मशीन यूपीएसवर असू द्या.

दुसरे कन्सोल असलेल्यांसाठी थोडक्यात. पीएस३ ला पीएस४ सारखीच अडीच इंची साटा ९.५ मिमीपर्यंतची. पीएस५ ला आत एम.२ एनव्हीएमई, चौथ्या पिढीची, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त वाचनवेगाची, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच. हीटसिंकसह उंची ११.२५ मिमीच्या आत. पीएस५ चे गेम यूएसबी डिस्कवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. एक्सबॉक्स वनची आतली डिस्क मालकाने बदलायची सोय दिलेली नाही, त्याला यूएसबी ३.० ची निदान २५६ जीबीची बाहेरून लावा.

जुनी डिस्क फेकू नका. पूर्ण फॉरमॅटनंतर सी५ शून्यावर आला असेल तर यूएसबी डबीत घालून तिचा पीएस४ च्या बॅकअपसाठी वापर करा. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बॅकअप, आणि त्या वेळी ०५ ची ओळ बघायची. तो आकडा चढायला लागला तर तिच्यावर काही ठेवू नका. तिला ई-कचऱ्यात द्या.